एकोणीस नंबरचा बिल्ला

मनुष्याने आयुष्यात एकदा तरी परक्यांची माणसे मोजून पाहावीत, म्हणजे आपल्या घरची माणसे किती समंजस आहेत याचा साक्षात्कार होतो. नदीतून सहल घडविणाऱ्या त्या दुमजली नौकेवर प्रवासी मोजण्याचे काम करणाऱ्या गृहस्थाला हा साक्षात्कार रोज सकाळी साडेनऊ वाजता होत असे आणि सायंकाळी घरी पोचताच मावळत असे.

त्याला सगळे बिल्लेवाला म्हणत. हे नाव अवघ्या दोन महिन्यांचे होते. त्यापूर्वीची बावीस वर्षे तो नुसताच 'अहो' होता. नौकेचा क्रम ठरलेला. सकाळी शहराच्या धक्क्यावरून निघावे, प्रवाहाविरुद्ध वर जावे, मध्यान्ही जुन्या गावाला लागावे, तेथे प्रवाशांनी दोन तास दगडी वेस, घंटेचा मनोरा आणि अर्धा पडलेला पूल पाहावा, आणि अडीचच्या ठोक्याला नौकेने माघारी फिरावे. उतरताना आणि चढताना माणसे बोटाने मोजायची, ही जुनी रीत. दोन महिन्यांपूर्वी या रीतीने घात केला. मोजणी तर बरोबर भरली, परंतु एक नवविवाहित जोडपे मनोऱ्यावर परस्परांची छायाचित्रे काढीत राहिले आणि त्यांच्या जागी दुसरीच दोन माणसे दोनदा मोजली गेली. नवरदेवाचे वडील वकील निघाले. मालकीणबाईंनी त्याला कचेरीत बोलावले, बसायला खुर्ची दिली नाही, आणि एकच वाक्य उच्चारले.

"आणखी एक माणूस मागे राहिलं, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्हीही मागेच राहा."

घरी बायको म्हणाली, "देवानं बोटं दहाच दिलीत. तुम्ही त्यावर बेचाळीस माणसं कशी बसवता, मला तर नवलच वाटतं."

वाक्य झोंबणारे होते, तथापि त्यातूनच युक्ती सुचली. मेहुण्याचे पितळी भांड्यांचे दुकान होते. त्याच्याकडून बेचाळीस गोल बिल्ले करवून घेतले, त्यांवर एक ते बेचाळीस आकडे ठोकवून घेतले, आणि नौकेच्या दाराशी एक लाकडी फळा लावून त्यावर तितकेच खिळे मारले. प्रवाशाने जुन्या गावात उतरताना आपला बिल्ला घ्यावा आणि परत येताना त्याच खिळ्यावर टांगावा. फळा भरला की माणसे भरली. फळ्याशेजारी त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात नियमांचा कागद चिकटविला. त्यातील चौथा नियम असा होता: "प्रत्येकाने आपला बिल्ला आपल्याच हस्ते टांगावा." आणि सहावा: "बिल्ल्यावाचून कोणासही नौकेत प्रवेश नाही. सबब सांगू नये." दर रविवारी तो बिल्ले घरी नेऊन राखेने घासून लख्ख करी. दोन महिने झाले, एकही माणूस मागे राहिला नव्हता. मनुष्य स्वतःच्या युक्तीवर जितका भाळतो, तितका तो स्वतःच्या लेकरावरही भाळत नाही, हे खोटे नाही.

त्या दिवशी मालकीणबाई स्वतः नौकेवर आल्या. कधी नव्हे त्या वरच्या मजल्यावर खुर्ची टाकून बसल्या, आणि जाता जाता फळ्याकडे पाहून म्हणाल्या, "बघू या तुमची करामत."

घोडामैदान जवळच होते.

सकाळपासूनच माणसांनी नाकी नऊ आणले. टोपी घातलेल्या एका गृहस्थांना सातच्या गाडीने पुढच्या गावी जायचे होते. ते दर अर्ध्या तासाने येऊन विचारीत, "साडेपाचला पोचणार म्हणजे साडेपाचलाच ना? की तुमचे साडेपाच वेगळे?" एका बाईंनी पडक्या पुलाकडे बोट दाखवून विचारले, "हा अर्धाच का बांधलाय?" बिल्लेवाल्याने सांगितले की, पूर्ण बांधला होता, नंतर पडला. त्यावर बाई म्हणाल्या, "मग दाखवायला कशाला आणलंत?"

परंतु या सर्वांवर कडी केली ती एका अकरा जणांच्या कुटुंबाने. दोन भाऊ, त्यांच्या बायका, एक आत्या, पाच मुले आणि एक सासरे. या गोतावळ्याचा कारभार थोरल्या सुनेच्या हाती होता आणि त्या कारभाराचे मुख्य ठाणे म्हणजे तिच्या खांद्यावरची थोरली पिशवी. पाण्याच्या बाटल्या, मुलांच्या टोप्या, सासऱ्यांच्या गोळ्या, नवऱ्याचा चष्मा, सर्व काही त्या पिशवीत. जो कोणी काही हातात घेई, त्याच्या हातून ते काढून ती पिशवीत टाकी.

जुने गाव आले. बिल्लेवाला दाराशी उभा राहून एकेकाच्या तळहातावर बिल्ला ठेवू लागला. त्याची नजर तळहातांवरच होती. तोंडे पाहण्याचे त्याने दोन महिन्यांपासून सोडून दिले होते, कारण तोंडांवर आकडे नसतात. चौदापासून चोवीसपर्यंतचे बिल्ले या कुटुंबाकडे गेले. शिडी उतरताच सुनेचा आवाज आला.

"आणा सगळ्यांचे इकडे. बाबा, तुमचा पण आणा."

"असू दे माझ्याजवळ. एकोणीस नंबर आहे," एक वृद्ध आवाज म्हणाला.

"मागच्या महिन्यात छत्री कुठं ठेवलीत ते आठवतंय का?"

"ती सापडली."

"शेजाऱ्यांना सापडली. आणा."

बिल्ला पिशवीत पडल्याचा आवाज झाला. बिल्लेवाल्याने तो ऐकला. चौथ्या नियमाकडे त्यांचे लक्ष वेधावे असे त्याच्या मनात आले, पण तेवढ्यात पंचविसावा तळहात पुढे आला.

पावणेदोनला तो हातात लहान घंटा घेऊन गावात फिरून येत असे, म्हणजे लोकांना परतीची आठवण राहावी. जुन्या गावाची मुख्य गल्ली दगडी फरशीची, दोन माणसे शेजारून गेली तर तिसऱ्याने भिंतीला चिकटावे एवढी. दोन्ही बाजूंना दुकाने. कोठे काचेची भांडी, कोठे लाकडी खेळणी, कोठे मनोऱ्याची चिमुकली प्रतिकृती, जी मूळ मनोऱ्यापेक्षा सरळ उभी होती. घंटा वाजविली की लोक मान वर करीत, हसत आणि पुन्हा भाव करू लागत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरे काय.

काचेच्या भांड्यांच्या दुकानात ते अकरा जणांचे कुटुंब शिरले होते. एका मुलाने पेला फोडला होता आणि आतून चार मोठ्यांचे आवाज येत होते. दाराबाहेरच्या पायरीवर कोणीतरी पाय पसरून बसले होते. बिल्लेवाला घंटा वाजवीत ते पाय ओलांडून आत गेला, "अडीच वाजता निघणार, सव्वादोनला या," असे सांगितले आणि त्या दुकानाच्या मागच्या दाराने पलीकडच्या गल्लीत उतरला. त्या दुकानाला दोन दारे होती, एक या गल्लीत, एक त्या.

सव्वादोनला माणसे परतू लागली. बिल्ले खिळ्यांवर चढू लागले. मालकीणबाई वरून वाकून पाहत होत्या. अकरा जणांच्या कुटुंबातील मुले धावत आली आणि शिडी हादरवीत वर गेली; मागून आत्या, दोन्ही भाऊ आणि धाकटी सून आली; आणि त्यांच्याही मागून थोरली सून, रुमालात बांधलेले बिल्ले घेऊन.

"घ्या, अकराच्या अकरा. मोजून घ्या, हरवलेला एकही नाही."

चौथा नियम तिच्या कानाजवळच चिकटविलेला होता. परंतु तिच्या मागे सात-आठ जण ताटकळत होते, उन्हाचा कडाका होता आणि वरून मालकीणबाईंची नजर होती. एका हाताने अकरा खिळे भरत असतील तर नाही कशाला म्हणावे? त्याने तिला टांगू दिले. चौदा ते चोवीस, एका दमात. त्याला बरेच वाटले. पुढे जे घडले त्याचे मूळ त्या बरे वाटण्यात होते.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी फळ्यावर एकच खिळा रिकामा होता, बेचाळीसचा. तो टोपीवाल्या गृहस्थांचा. दिवसभर घाई करणारा मनुष्य शेवटी येतो, हा सृष्टीचा नियमच आहे. बिल्लेवाला गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून उभा होता, तेव्हा तेथून टोपीवाल्यांऐवजी एक वृद्ध मनुष्य आला. राखाडी स्वेटर, हातात काळी छत्री, श्वास लागलेला. तो शिडीपाशी येऊन थांबला.

"बिल्ला?" बिल्लेवाला म्हणाला.

"सुनेकडे आहे."

"सून कुठंय?"

"आत असेल."

हे उत्तर बिल्लेवाल्याने इतक्यांदा ऐकले होते की त्याच्या कानाला घट्टे पडले होते. जुन्या गावातून शहराकडे जाणारा रस्ता खराब. त्यामुळे गावचा कोणी ना कोणी रोज नौकेत शिरू पाही. कोणाची सून आत असे, कोणाचा साडू. गेल्याच आठवड्यात एका भाजीवाल्याने धक्क्यावरून फळ्यावरचा आकडा वाचून "तेवीस नंबर माझाच" असे छातीठोकपणे सांगितले होते.

"नंबर किती तुमचा? बेचाळीस?"

"नाही. एकोणीस."

बिल्लेवाल्याने वळून पाहिले. "एकोणीस तर हा इथं टांगलेला आहे."

"मग बरोबर. सुनेनं टांगला असेल."

"आजोबा, बिल्ला आत म्हणजे माणूस आत. एकोणीस नंबरचा माणूस केव्हाच चढलाय."

वृद्धाने क्षणभर विचार केला. "मग मी कोण?"

"ते मी कसं सांगू? हा नियम वाचा. सहावा."

वृद्धाने खिसे चाचपले. चष्मा सापडला नाही. त्याने मान मागे घेऊन, डोळे बारीक करून सहावा नियम वाचला. शेवटपर्यंत वाचला. मग मान हलविली.

"नियम चोख आहे," तो म्हणाला आणि दोन पावले मागे सरून उभा राहिला.

इतक्यात टोपीवाले आले, काखेत मनोऱ्याची प्रतिकृती, आणि चढता चढता म्हणाले, "उशीर करू नका बरं का." बेचाळिसावा बिल्ला खिळ्यावर चढला. फळा भरला. बिल्लेवाल्याने शिट्टी फुंकली, शिडी ओढली गेली, भोंगा वाजला. वर पाहिले तर मालकीणबाई मान डोलावीत होत्या. त्याची छाती दोन बोटे फुगली. धक्क्यावर छत्रीवाला वृद्ध उभाच होता. ना हाक, ना आरडाओरड. अशा शहाण्या माणसाचे बिल्लेवाल्याला कौतुक वाटले. भाजीवाल्याने तर मागून शिव्या घातल्या होत्या.

तीन वाजता थोरल्या सुनेने पिशवीतून गोळीची डबी काढली.

"बाबांना बोलवा रे."

"वर असतील," थोरला भाऊ म्हणाला.

"वर नाहीत," वरून आत्या म्हणाली. "मला वाटलं खाली तुमच्याजवळ आहेत."

"दादाबरोबर होते ना ते?" धाकटा म्हणाला.

"माझ्याबरोबर? दुकानातून बाहेर कोण घेऊन येणार होतं त्यांना?"

"आम्ही मागच्या दारानं निघालो. मी म्हटलं, तू पुढून निघालास."

"मी पण मागच्याच दारानं निघालो."

मग थोरल्याने खिशातून फोन काढला आणि वडिलांना लावला. थोरल्या सुनेच्या पिशवीत फोन वाजू लागला.

"त्यांचा फोन तुझ्याकडे काय करतोय?"

"मग कोणाकडे असणार? ते हरवतात."

बिल्लेवाला चहाच्या टेबलाशी उभा होता. 'बाबा' ऐकले तेव्हा त्याला काही वाटले नाही. 'दुकान' ऐकले तेव्हा त्याने हातातला चहा टेबलावर ठेवला. आणि सून जेव्हा इतर प्रवाशांना विचारू लागली, "राखाडी स्वेटर, काळी छत्री, कोणी पाहिलं का?", तेव्हा त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

मालकीणबाई खाली आल्या. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि फळ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. बेचाळीसच्या बेचाळीस बिल्ले उन्हात चकाकत होते. त्यापूर्वी ते इतके निर्लज्ज कधी दिसले नव्हते.

"फळा तर भरलाय," त्या म्हणाल्या. "मग माणूस कसं राहिलं?"

"चौथा नियम बाई," बिल्लेवाला म्हणाला. "प्रत्येकानं आपला बिल्ला आपल्याच हस्ते टांगावा. या वहिनींनी अकरा बिल्ले एकट्यानं टांगले."

"तुम्ही टांगू दिलेत," सून म्हणाली.

"नियम तिथं लिहिलेला आहे."

"मी पिशवी सांभाळू, मुलं सांभाळू, की तुमचा निबंध वाचू?"

सर्वांच्या नजरा सुनेकडे वळल्या. नवऱ्याची, दिराची, आत्याची. बिल्लेवाल्याच्या ध्यानात आले की, आपण आता येथेच थांबलो तर वाचलो. धक्क्यावर त्या वृद्धाशी काय बोलणे झाले, हे नौकेवरच्या कोणालाही ठाऊक नव्हते. सारंग वरच्या खोलीत सुकाणू धरून होता, मालकीणबाईंना तेव्हा खुर्चीवरून शिडीचे खालचे टोक दिसत नव्हते, टोपीवाल्यांना स्वतःखेरीज काही दिसत नसे. दोष सुनेचा, नियम त्याचा, नोकरी शाबूत. फक्त गप्प बसायचे होते, आणि गप्प बसणे हे तर जगातले सर्वांत सोपे काम.

"बाबा वेशीपर्यंत भटकत गेले असतील," धाकटा म्हणाला. "वाट चुकले असतील. तिकडं त्या पडक्या पुलाला कठडासुद्धा नाही."

सून मटकन बाकावर बसली. गोळीची डबी तिच्या मुठीत तशीच होती.

बिल्लेवाल्याला भयंकर राग आला. कोणाचा, हे त्याला नीट ठरविता येईना. सुनेचा, टोपीवाल्यांचा, त्या भाजीवाल्याचा. आणि सर्वांत अधिक त्या वृद्धाचा, ज्याने एक साधी हाक मारली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर आज ही वेळ आली नसती.

"पुलाकडं नाहीत ते," तो म्हणाला. "धक्क्यावर आहेत."

"तुम्हाला काय माहीत?" मालकीणबाईंनी विचारले.

"कारण मीच त्यांना चढू दिलं नाही. वेळेवर आले होते. एकोणीस नंबर बरोबर सांगितला. बिल्ला सुनेकडे आहे म्हणाले. मी म्हटलं, एकोणीस नंबरचा माणूस आत आहे."

मग थोरला मुलगा अतिशय हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही माझ्या वडिलांना सांगितलंत की ते आत आहेत?"

"हो."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"हो. म्हणाले, नियम चोख आहे."

थोरल्याने कपाळावर हात मारून घेतला. "ते कारखान्याच्या फाटकावर होते. पस्तीस वर्षं. पास नाही म्हणून त्यांनी एकदा मालकाच्या जावयाला पावसात उभं केलं होतं."

मालकीणबाईंनी बिल्लेवाल्याकडे पाहिले, फळ्याकडे पाहिले आणि जिन्याकडे तोंड करून सारंगाला म्हणाल्या, "वळवा."

सारंग तीस वर्षे पाण्यावर काढलेला मनुष्य. तो खिडकीतून डोके काढून म्हणाला, "बाई, ही बोट आहे, सायकल नव्हे, टाच फिरवली की वळायला. उलट्या पाण्यात पाऊण तास लागेल."

"लागू द्या."

"मागच्या खेपेलाच म्हटलं होतं, माणसं मोजायला माणूस ठेवा. तुम्ही फळा ठेवलात." एवढे बोलून त्याने डोके आत घेतले आणि नौका कण्हत वळू लागली.

तो पाऊण तास बिल्लेवाला जन्मात विसरणार नाही. टोपीवाल्यांनी सातची गाडी, तिचा डब्याचा क्रमांक आणि पुढच्या गावी वाट पाहणारा भाचा यांचे वर्णन प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्रपणे ऐकविले. पुलाच्या त्या बाईंनी विचारले, "पूल पुन्हा दिसणार का? मगाशी फोटो चांगला आला नाही." सून कोणाशी बोलत नव्हती. नवरा तिला काही तरी सांगायला गेला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुमचा चष्मा तुम्ही घ्या," आणि पिशवीतून काढून त्याच्या हातात दिला. मग आत्याची जपमाळ आत्याला, धाकट्याच्या किल्ल्या धाकट्याला. पिशवी हळूहळू सैल पडत गेली.

धक्का दिसू लागला तेव्हा चार वाजायला आले होते. दोर बांधण्याच्या लोखंडी खुंटावर तो वृद्ध बसला होता, छत्री उघडून, पाठ ताठ. मुलांनी आरडाओरडा केला. त्याने एक हात किंचित वर केला, जणू ठरल्या वेळी येणाऱ्या गाडीला दाखवावा तसा. शिडी पडली. तो उठला, छत्री मिटली, शिडीपाशी आला आणि थांबला.

"या ना बाबा वर," थोरला म्हणाला.

"बिल्ला," वृद्ध म्हणाला.

बिल्लेवाल्याने एकोणीस नंबरचा बिल्ला खिळ्यावरून काढला, शिडी उतरला आणि वृद्धाच्या तळहातावर ठेवला. या वेळी त्याने तळहातावरून नजर वर नेली. चेहरा साधा होता. पिचके गाल, उजव्या भुवईत एक पांढरा लांब केस. हा चेहरा उतरताना समोरून गेला होता, दुकानाच्या पायरीवर होता, शिडीपाशी होता, आणि तीनही वेळा त्याने तो पाहिला नव्हता.

वृद्ध वर चढला, फळ्यासमोर उभा राहिला आणि आपला बिल्ला आपल्याच हस्ते टांगला.

"आधी गोळी घ्या, मग बोला," सून म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा करडा होता, पण पाण्याची बाटली तिला उघडेना. वृद्धाने ती तिच्या हातून घेतली, उघडली आणि गोळी गिळली.

"एक हाक मारायची ना, बाबा."

"फाटकावरच्या माणसाशी हुज्जत घालू नये. पस्तीस वर्षं लोक माझ्याशी घालायचे, कोणाचं भलं झालं नाही." मग त्याने बाटलीचे झाकण लावले. "आणि मी हरवलो नव्हतो. बिल्लाही हरवला नाही. हरवलात ते तुम्ही सगळे."

मालकीणबाई पुढे झाल्या. "आजोबा, मी या बोटीची मालकीण. तुमची यांच्याबद्दल तक्रार असेल तर मोकळेपणानं सांगा. मी आजच्या आज निकाल लावते."

बिल्लेवाल्याने खाली मान घातली. बावीस वर्षे एका वाक्यावर येऊन टांगली होती, खिळ्यावरच्या बिल्ल्यासारखी.

"अडवलं याची तक्रार नाही," वृद्ध म्हणाला. "मीही अडवलं असतं. पण यांचं काम अर्धवट आहे."

"ते कसं?"

"पास नसलेला माणूस आला तर त्याला अडवायचं, हे बरोबर. मग नाव विचारायचं. मग आत निरोप पाठवायचा की अमक्याची सून असेल तर फाटकावर या. आणि निरोपाचं उत्तर येईपर्यंत त्याला बसायला स्टूल द्यायचं. मी जावयालासुद्धा स्टूल दिलं होतं, पावसातच, पण दिलं होतं. यांनी नाव विचारलं नाही, निरोप पाठवला नाही, स्टूल दिलं नाही." तो बिल्लेवाल्याकडे वळला. "दुकानापाशी तर तुम्ही मला ओलांडून गेलात."

बिल्लेवाल्याने फळ्याशेजारच्या आपल्या कागदाकडे पाहिले. सहा नियम लिहिले होते, पण त्यांत हे कोठेच नव्हते.

परतीच्या वाटेवर मालकीणबाईंनी त्याला वरच्या मजल्यावर बोलाविले. समोर एक रिकामी खुर्ची होती. तो उभाच राहिला.

"मागच्या वेळी जोडपं राहिलं, ते तुम्ही मला केव्हा सांगितलंत?"

"दुसऱ्या दिवशी. वकिलांचा फोन आल्यावर."

"आणि आज?"

"आज लगेच."

"लगेच नाही. आधी चौथा नियम वाचून दाखवलात."

त्याने मान डोलावली. खोटे बोलण्याची हौस त्या दिवसापुरती फिटली होती.

"पण सांगितलंत," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा फारसा प्रसन्न नव्हता. "नाहीतर सगळे त्या सुनेला फाडून खाणार होते, मीसुद्धा. उद्या या कामावर. येताना एक स्टूल घेऊन या."

"फळा?"

"फळा राहू द्या. लोकांना आवडतो. पण तुम्ही त्याच्याकडं पाठ करून उभे राहा."

वस्तुतः त्याला आनंद व्हायला हवा होता. परंतु मनुष्याचे मन विचित्र. नोकरी वाचली याच्या समाधानापेक्षा, आपल्या लख्ख घासलेल्या बिल्ल्यांकडे पाठ करायची, याची चिडचिडच त्याला अधिक झाली. शिवाय स्टूल आणायचे कोठून? घरी एकच होते आणि त्यावर बायकोचे शिवणयंत्र होते.

शहराचा धक्का आला तेव्हा सात वाजायला दहा मिनिटे होती. बिल्लेवाला दाराशी उभा राहिला, फळ्याकडे पाठ करून. माणसे उतरू लागली. त्याने तळहात पाहिले नाहीत, तोंडे पाहिली. हे काम फारच त्रासाचे होते. तोंडे हलतात, वळतात, जांभया देतात, एकमेकांसारखी दिसतात. पूल विचारणाऱ्या बाईंच्या हनुवटीवर तीळ होता. धाकट्या भावाचा एक कान दुसऱ्याहून मोठा होता. वृद्ध उतरताना थांबला, त्याच्याकडे पाहून म्हणाला, "आता जमतंय," आणि छत्री टेकीत गेला. मागून सून गेली, रिकामी पिशवी खांद्यावर, सासऱ्यांपासून हातभर अंतर राखून.

शेवटचा मनुष्य उतरला. शिडीवर कोणी नव्हते. सारंगाने इंजिन बंद केले आणि वरून विचारले, "झालं का?"

बिल्लेवाल्याने मनातल्या मनात तोंडे पुन्हा एकदा ओळीने उभी केली. एकेचाळीस. मागे फळा बेचाळीस बिल्ल्यांनी भरून चकाकत होता. त्याने फळ्याकडे वळूनही पाहिले नाही. एक तोंड कमी होते, आणि ते कोणाचे, हे या वेळी त्याला पक्के ठाऊक होते.

"थांबा जरा," तो म्हणाला आणि कपाळाला आठ्या घालून जिना चढला. वरच्या मजल्यावर, मागच्या बाकावर, मनोऱ्याची प्रतिकृती उशाला घेऊन आणि टोपी डोळ्यांवर ओढून ते गृहस्थ गाढ झोपले होते. सातच्या गाडीला चार मिनिटे उरली होती.

बिल्लेवाल्याने एक दीर्घ श्वास घेतला आणि त्यांचा खांदा हलविला.